मिठाच्या दगडांची वाट

माझं लग्न ठरलं त्याच्या चौथ्या दिवशी आईनं शेंगा फोडता फोडता मला विचारलं, "आता तू उदगीरकडं जाशील. जायच्या आधी एकदा मला वर नेशील का?"

वर म्हणजे कुठं, हे विचारायची गरज नव्हती. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं, आणि गावाच्या उत्तरेला झाडीनं भरलेला एक डोंगर उभा होता. त्याच्या माथ्यावर माझा दीड महिन्याचा भाऊ पुरलेला होता. नेमका कुठं, ते घरात माझ्या वडिलांखेरीज, म्हणजे अप्पांखेरीज, फक्त मला ठाऊक आहे, असं आई आठ वर्षं धरून चालली होती.

मला ठाऊक नव्हतं. मी खोटं बोलले होते.

ते गडबडीचं साल होतं. निजामी संपायच्या आधीचा पावसाळा. आज या गावात जाळपोळ झाली, उद्या त्या गावात, अशा खबरा रोज यायच्या. एका संध्याकाळी आमचं निम्मं गाव उठून डोंगरावर गेलं. मी सात वर्षांची होते. वर पाण्याचं एक जुनं टाकं होतं, एक कपार होती, आणि बाकी सगळी झाडी. ओल्या लाकडांचा धूर आणि वरून पाऊस. तिथं लेकरं आजारी पडायला लागली. माझ्या भावाला ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. आई स्वतः तापानं बेशुद्ध होती. अप्पा आणि आणखी दोघं त्याला घेऊन गेले आणि तासाभरानं रिकाम्या हातांनी परत आले.

पलटण आली, राज्य बदललं, आम्ही खाली उतरलो. आईचा ताप उतरला, पण ती जेवेना. एकच विचारायची, "कुठं ठिवलं त्याला?" अप्पा म्हणायचे, "शिवाकडं गेला तो. मग जागा कशाला विचारायची?" आणि उठून दुकानात जायचे. आमचं किराणा दुकान घराला लागूनच होतं, त्यामुळे अप्पांना बोलणं टाळायला फार लांब जावं लागायचं नाही.

तर एका दुपारी मी आईला सांगितलं, "मी पायलंय. मी अप्पाच्या मागं मागं गेलते. बेलाच्या झाडाखाली ठिवलंय त्याला."

आईनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "भाकर हाय का ग दुरडीत?"

मला स्वतःचा काय अभिमान वाटला होता! खरं तर त्या वेळी मी कुणा बाईच्या मांडीवर गाढ झोपले होते. पण आईला जेवू घालायचा उपाय सापडला होता, आणि तो मी सोडला नाही. दर दोन-चार महिन्यांनी ती विचारायची, झाड केवढं आहे, सावली कशी आहे. मी सांगत गेले. तो बेल मी चांगला वाढवला. एका साली तर त्याला फळंही आणली.

आता मी पंधरा वर्षांची झाले होते आणि माघात माझं लग्न होतं. जागा दाखवणारी मुलगी सासरी गेली की जागाही गेली, असं आईच्या मनानं घेतलं. अप्पांना विचारायचं नाही, हे तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. अप्पा माल आणायला सेलूला जायचे तेव्हा देवगाव फाट्यापर्यंत बैलगाडीनं, पुढं मोटारीनं, आणि रात्री तिकडंच मुक्काम. तो एक दिवस आमचा.

मी "हो" म्हणाले. मनात धीर असा की वाट सापडणारच नाही. डोंगरावर माणसं कधी वाट पाडत नव्हती, शेळ्या पाडायच्या, माणसं त्यांच्या मागून जायची. नवं राज्य आल्यावर जंगलखात्यानं चराई बंद केली, शिपाई बसवला, आणि शेळ्या वर जायच्या थांबल्या. आठ पावसाळे त्या वाटेवरून गेले होते. दुपारपर्यंत भटकायचं, आईचे पाय दुखले की परत फिरायचं, आणि माझा बेल वर सुखरूप राहायचा, असा माझा बेत.

पण आईनं मावशीला गाठून ठेवलं होतं.

मावशी म्हणजे गावाबाहेर पाल ठोकून राहणारी, शेळ्या-मेंढ्या राखणारी विधवा बाई. आमच्या दुकानातून तिला फक्त एकच वस्तू लागायची, जाडं मीठ. गडबडीच्या साली आम्हा सगळ्यांना वर नेलं ते तिच्या नवऱ्यानं. पहाटे आम्ही ओढ्यापाशी गेलो तर ती आधीच येऊन उभी होती, हातात कोयता आणि दोरीला एक म्हातारी शेळी. शेळीचा एक कान फाटलेला, पुढचे दात पडलेले.

"हिला कशाला आणलंस?" आईनं विचारलं.

"ही त्या साली वर गेलती, अक्का. माझ्यापरीस हिची याद चांगली हाय."

मार्गशीर्ष होता. गवत माझ्या डोक्यापर्यंत वाढलेलं आणि वाळून पिवळं पडलेलं. पहिल्या शंभर पावलांतच लुगड्याला कुसळं अशी भरली की पायांना दर पावलाला टोचत होती. वाटेचं नावनिशाण नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. आई पुढं होती. पदरात तिनं भस्माची पुडी आणि बेलाची पानं बांधून घेतली होती, आणि ती पानं चुरगळू नयेत म्हणून एक हात सतत पदरावर.

मावशी उभी राहून डोंगराकडं बघत बसली नाही. ती वाकली आणि गवतात हात घालून जमीन चाचपायला लागली. दगड दिसला की त्यावर तळहात फिरवायची, सोडून द्यायची, पुढच्याकडं जायची. बऱ्याच वेळानं एका काळ्या दगडावर तिचा हात थांबला.

"हे बघ, हात लाव," ती मला म्हणाली.

मी हात लावला. आजूबाजूचे सगळे दगड खरबरीत, आणि हा वरून गुळगुळीत, मध्ये थोडा खोलगट, परातीसारखा.

"मिठाचा दगड हाय. शेळी काय उगं डोंगर चढती व्हय? घरधनी टप्प्याटप्प्यावर दगडावर चिमूटभर मीठ ठिवायचा. चाटायच्या, पुढं जायच्या. माझ्या सासऱ्यानंबी ह्याच दगडांवर ठिवलेलं. वाट बुजली तर बुजू दे. दगड कुटं जात्यात?"

म्हणजे वाट सापडणार होती.

आणि सापडत गेली. मावशी दगड शोधायची, कोयत्यानं पुढची करवंदाची जाळी तोडायची, आम्ही तेवढं चालायचो. दुसरा दगड, तिसरा, चौथा. प्रत्येक दगडाला आई वाकून हात लावायची आणि तोच हात कपाळाला. ऊन चढलं. खालचा पळस संपला, साग लागला. सागाची वाळलेली पानं पायाखाली एवढा आवाज करत होती की मावशी दर थोड्या वेळानं थांबून कानोसा घ्यायची. जंगलात शेळी सापडली तर शिपाई शेळी नेणार, आणि आम्ही सापडलो तर अप्पांपर्यंत खबर जाणार. एकदा खाली कुणी तरी खोकलं. आम्ही तिघी धावड्याच्या बुंध्यामागं खाली बसलो. मावशीनं शेळीचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. खोकणारा बराच वेळ तिथंच होता. बिडीचा वास वरपर्यंत आला. मी मनात म्हणत होते, ये, वर ये, पकड आम्हाला. पण तो बिडी संपवून निघून गेला.

पुढं दोन घळी फुटत होत्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. इथं शेळी बसली. दोरी ओढली तरी उठेना.

"दमली म्हातारी," मावशी म्हणाली. ती डाव्या घळीत थोडं आत गेली आणि तिथून ओरडली, "घावला! हिकडं हाय दगड."

शेळीला तिथंच झाडाला बांधलं आणि आम्ही डावीकडं वळलो. दगड खरोखरच होता, तसाच गुळगुळीत. पुढं वीस-पंचवीस पावलांवर आणखी एक. आता चढ कमी झाला होता आणि समोर झाडांच्या शेंड्यांमधून मोकळं आभाळ दिसत होतं. आईला वाटलं माथा आला. तिचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं. ती गवत दोन्ही हातांनी बाजूला सारत अक्षरशः पळत सुटली.

"आई, थांब!" मी ओरडले, ते काही दिसलं म्हणून नाही. मला फक्त तिच्या आधी वर पोहोचायचं होतं, कसं तरी करून कुठल्या तरी झाडाला बेल म्हणायचं होतं. त्या धांदलीत मी तिचा पदर धरला आणि त्याच वेळी ती खाली गेली.

समोर जमीन नव्हती. गवत कड्याच्या बाहेर झुकून उभं होतं आणि त्याखाली काही नव्हतं. आईचा एक पाय कड्याखाली, एक गुडघा वर, आणि तिचा पदर माझ्या मुठीत टर्र फाटत चाललेला. मावशी मागून आली आणि तिनं माझी कंबर धरली नाही, मला ओलांडून पालथी पडली आणि आईचा दंड धरला. आम्ही दोघींनी ओढलं. खूप खाली दगड आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

तिघी तिथंच पडून राहिलो. आईच्या पायाचं सालटं निघालं होतं, रक्त घोट्यावरून वाहत होतं. तिनं आधी पदराची गाठ चाचपली. पानं होती.

मावशी उठून रांगत कड्याच्या टोकापाशी गेली. तिथं गवतात आणखी एक दगड होता, मिठाचाच. तिनं त्यावरून हात फिरवला.

"हितं कोन मीठ ठिवल?" ती म्हणाली. "कड्याच्या तोंडाला? शेळ्या पडून मरत्याल."

मग तिनं तो दगड उलटा केला, खालची बाजू बघितली, आणि एकदम हसायला लागली. ते हसणं ऐकून मला कड्यापेक्षा जास्त भीती वाटली.

"ह्यो हितला न्हाई. हितला दगड तांबडा हाय, ह्यो काळा. उचलून आणलाय ह्यो. माझ्या घरधन्यानं आणलाय!"

मग तिनं उलगडून सांगितलं. गडबडीच्या साली खालच्या गावचा एक गडी जाळपोळ करणाऱ्यांना वाटा दाखवत हिंडायचा. तो स्वतः शेळ्या राखलेला, मिठाच्या दगडांची खूण त्याला ठाऊक. म्हणून मावशीच्या नवऱ्यानं आम्हा सगळ्यांना वर पोहोचवल्यावर मागं जाऊन उजव्या घळीतले, खऱ्या वाटेवरचे दगड उचलले होते आणि या घळीत मांडले होते, कड्यापर्यंत. मागून येणारे त्या दगडांमागं जावेत म्हणून. मग दोन वर्षांनी तो ताप येऊन मेला, आणि जाताना बायकोला एका शब्दानं बोलला नाही.

"बाईच्या पोटात गोष्ट ऱ्हात न्हाई म्हनायचा," मावशी म्हणाली. "दुसऱ्यासाठी खनलं आन् मलाच ढकलायला निघाला व्हता मेला!" तिचे डोळे भरून आले होते आणि ती त्याला आमच्यादेखत अशा शिव्या घालत होती की त्या मी इथं लिहिणार नाही.

मी म्हणाले, "आई, परत जाऊ या. तुझा पाय बघ. ऊन कलायलंय."

आईनं फाटलेल्या पदराची चिंधी काढून पायाला गुंडाळली. "तू दमलीस तर बस हितं," ती म्हणाली. "नुसतं मला सांग, टाक्यापासनं बेल कोणत्या अंगाला हाय?"

मी बोलायला तोंड उघडलं. खरं सांगायची ती वेळ होती, तिचं रक्त निघालं होतं आणि ती आत्ता मरता मरता वाचली होती, माझ्या एका झाडासाठी. माझ्या तोंडून आलं, "उगवतीकडं."

आम्ही शेळीपाशी परत आलो. आता तिची दोरी सोडल्याबरोबर ती उठली, झुडपांमधून उजव्या घळीत शिरली आणि मागं न बघता चढायला लागली. मिठाचा एकही दगड त्या वाटेवर नव्हता, ते आता कुठं होते हे आम्हाला ठाऊकच होतं. मावशी स्वतःशी पुटपुटत होती, "सांगायलती बिचारी. म्या ऐकलं न्हाई." घळ अरुंद होती, ठिकठिकाणी हातांनी धरून चढावं लागत होतं. आई माझ्या पुढं, तिच्या पायाची चिंधी लाल होत चाललेली. मी प्रत्येक वळणावर डोळे फाडून बेल शोधत होते. सालई होती, टेंभुर्णी होती, अंजन होता. आयुष्यात मी शंकराची इतकी कळकळीनं कधी प्रार्थना केली नाही, आणि ती केली तीही एक झाड मागण्यासाठी.

माथा आला तो असा अचानक आला. सपाटी, दाट झाडी, आणि मधोमध ते टाकं, हिरव्या पाण्यानं भरलेलं. कपारीच्या छतावर अजून आमच्या चुलींची काजळी होती. त्या काजळीकडं बघून आई जराशी थबकली, मग टाक्यापासून उगवतीकडं चालायला लागली. तिकडं सागाशिवाय काही नव्हतं. ती एका बाजूनं गेली, दुसऱ्या बाजूनं आली. प्रत्येक बुंध्यापाशी मान वर करून पानं बघत होती. मग माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"बेल कुठं हाय?"

मावशी शेळीला पाणी दाखवायच्या निमित्तानं टाक्याकडं गेली.

"न्हाई," मी म्हणाले. "बेल न्हाई. मी अप्पाच्या मागं गेलेच न्हवते. मी झोपले होते. मला काहीच ठावं न्हाई, आई."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. आईनं मला मारलेली ती पहिली आणि शेवटची थोबाडीत. माझा कान सुन्न झाला आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. आता ती रडेल, खाली बसेल, असं मला वाटलं होतं. ती तसलं काही करत बसली नाही.

"आपल्या मान्साची जागा वाटोळी असती," ती म्हणाली. "ती शोध. हो तिकडनं."

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात, हातात लिंग देऊन. त्यामुळे वरची दगडांची रास गोल असते. त्या साली वर आलेल्यांमध्ये आमच्या पंथाचं घर आमचं एकच होतं. बाकीच्यांची रास लांबट असणार, आमची गोल. एवढी सोपी खूण होती आणि आईला ती पहिल्यापासून ठाऊक होती.

कपारीच्या मागं, जिथं उतार सुरू होतो तिथं, मावशीला पहिली रास दिसली. मग एकेक करत सगळ्या. पाचोळ्याखाली झाकलेल्या, लहान लहान. सात. तिथं आणखी लेकरं गेली होती हे मला ठाऊक होतं, पण एवढी एका ओळीत बघेपर्यंत ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी गुडघ्यांवर बसून पाला बाजूला करायला लागले. पहिली लांबट. दुसरी लांबट. आई दुसऱ्या टोकाकडून येत होती. आमच्या मध्ये तीन उरल्या, मग एक उरली. मधल्या राशीवरचा पाला दोघींनी मिळून काढला.

तीही लांबट होती.

आईनं परत सगळ्या तपासल्या. आजूबाजूला हिंडली, झाडीत पार कड्यापर्यंत जाऊन आली. गोल रास कुठं नव्हती. आणि मग, तिच्या आधी की तिच्याबरोबर ते सांगता येत नाही, पण मला उमगलं. या सातांत एक आमचा होता. अप्पांनी त्याला बसवलं नव्हतं. आडवा पुरला होता. रोज लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या माझ्या अप्पांनी स्वतःच्या मुलाला रीत मोडून, मंत्राशिवाय, आडवं टाकून वर दगड रचले होते. म्हणून ते दुकानात उठून जात होते. घरात खोटं बोलणारी मी एकटी नव्हते.

आईच्या तोंडावरचं मला काही वाचता येईना. तिनं गाठ सोडली. कोणता आपला ते कळत नव्हतं, म्हणून सातही राशींवर एकेक बेलाचं पान ठेवलं, चिमूट चिमूट भस्म टाकलं, आणि उठली. "चला, दिस बुडायच्या आत खाली जाऊ," एवढंच म्हणाली.

चढताना मला माझ्या खोट्याची भीती वाटत होती. उतरताना त्याहून मोठी वाटायला लागली. ही आता अप्पांना काय म्हणेल? कधी म्हणेल? आठ वर्षं ज्याचं नाव काढलं नाही त्या गोष्टीवरून आमचं घर आता फुटणार, माझ्या लग्नाच्या तोंडावर, आणि ते मी बोललेल्या एका झाडापासून सुरू झालं. ओढ्यापाशी मावशीनं आईच्या पायाला पाला चुरडून लावला आणि ती आपल्या पालाकडं वळली. आई तिला "जपून जा" सुद्धा म्हणाली नाही.

दिवेलागण होत होती. आमच्या ओसरीवर कंदील लागलेला होता. अप्पा परत आलेले होते. सेलूची मोटार फाट्यावर आलीच नव्हती, ते दुपारीच घरी आले होते आणि कुलूप बघून तिथंच बसून राहिले होते.

त्यांनी आमच्याकडं पाहिलं. फाटका पदर, पायाची चिंधी, दोघींच्या लुगड्यांना भरलेली कुसळं. कुठं गेला होतात, हे त्यांनी विचारलं नाही. आई त्यांच्यासमोरून आत गेली, हातपाय धुतले, चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं. मी कोपऱ्यात बसून लुगड्यातली कुसळं उपटत होते आणि एकही उपटलं जात नव्हतं.

पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा अप्पा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. चौकटीला हात धरून उभे राहिले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"खडक लागला," ते म्हणाले. "दोन वीत खाली खडक लागला. पाऊस पडायलता. तिघांनी पहारीनं लय हानलं. बसवायला खड्डा झालाच न्हाई."

आईचे हात पिठात थांबले.

"त्यो मान धरत न्हवता अजून," ती म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. "आठ वर्सं झाली, डोळा मिटला की मला त्यो खड्ड्यात बसवल्याला दिसतोय. मान पुढं पडल्याली. कुनी धरना त्याची मान. रोज." मग तिचा आवाज फुटला. "आडवा ठिवलात. लय बरं केलंत तुमी."

अप्पा खाली बसले, दारातच, उंबऱ्यावर.

"कुशीवर ठिवला," ते म्हणाले. "तुझ्यापाशी निजायचा तसा."